आगाशेंच्या हद्दीतली झाडं

नकाशा प्रेमलाबाई गायकवाडांनीच काढला होता. याबद्दल पुढे कुणी वाद घातला नाही, त्यांनीही नाही.

सहकारनगरच्या वरच्या अंगाला पाटबंधारे खात्यातल्या कर्मचाऱ्यांची एक जुनी सोसायटी आहे. अडतीस प्लॉट, बहुतेकांवर बैठी घरं. प्लॉट सोडत काढून वाटले गेले, त्यामुळे ऑफिसात ज्यांची टेबलं लांब होती त्यांची घरं जवळ आली. तेवीस नंबर उपअभियंता यज्ञेश्वर आगाशे यांना मिळाला आणि चोवीस नंबर त्यांच्याच कार्यालयातल्या अनुरेखक प्रेमला गायकवाड यांना. अनुरेखक म्हणजे अभियंत्यांची कच्ची रेखाटनं पारदर्शक कागदावर शाईनं पक्की करणारी व्यक्ती. आगाशेंच्या हाताखाली प्रेमलाबाईंनी एकोणीस वर्षं हे काम केलं. ऑफिसात ते 'साहेब' आणि त्या 'गायकवाड बाई' होत्या. घरी आल्यावरही त्यात बदल झाला नाही. वेगळं नातं जुळलं ते आगाशेंच्या पत्नीशी, पद्मजाबाईंशी. "वहिनी-बिहिनी काही नको, मी तुला 'तू' म्हणणार आणि तू मला," असं त्यांनी वास्तुशांतीच्या जेवणातच जाहीर केलं होतं. ते छत्तीस वर्षं पाळलं गेलं.

घरं १९८८ साली बांधून झाली. नियमाप्रमाणे दोघांनीही बाजूला दहा-दहा फूट जागा मोकळी सोडली. मधली कुंपणाची भिंत पुढच्या वर्षी बांधू असं ठरलं. पुढच्या वर्षी प्रेमलाबाईंचे पती संभाजी, जे एसटीत स्वारगेट आगारात लेखनिक होते, त्यांनी विचारलं, "भिंत कशाला हवी पण?" मग ती कुणी बांधलीच नाही. तेव्हापासून वीस फूट रुंद आणि बावन्न फूट लांब अशी एक पट्टी दोन घरांच्या मध्ये राहिली.

अशा जागेचं पुण्यात काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. कपडे वाळत घालायची दोरी, बंद पडलेला कूलर, रंगाचे रिकामे डबे. प्रेमलाबाईंनी तसं होऊ दिलं नाही. त्यांनी पहिल्या डिसेंबरात भर दुपारी खुंट्या ठोकून सावली मोजली. त्यांचं घर दक्षिणेला होतं. घराची सावली त्यांची स्वतःची दहा फूट पूर्ण व्यापून हद्दीच्या पलीकडे आणखी पावणेदोन फूट जात होती. म्हणजे ज्या रोपाला ऊन हवं ते आगाशेंच्या बाजूलाच लावावं लागणार होतं.

"तुमच्या बाजूला लावू का?" त्यांनी विचारलं होतं.

"अगं, बाजू कसली त्यात? लाव," पद्मजाबाई म्हणाल्या होत्या.

सोनचाफा, बकुळ, रामफळ, पारिजातक, कांचन. पाच झाडं, एका वर्षाआड एक. स्वतःच्या सावलीतल्या बाजूला प्रेमलाबाईंनी न्हाणीघराच्या पाण्यावर अळू घेतलं, हळद लावली, भिंतीच्या ओलीला नेचे लावले. मधून शहाबादी फरशीच्या उरलेल्या तुकड्यांची वाट काढली आणि ती मुद्दाम सरळ काढली नाही. अरुंद जागेत वाट सरळ गेली की तिचा बोळ होतो, असं त्यांचं मत होतं. बकुळीपाशी वाट वळसा घ्यायची. तिथं एक दगडी बाक होता. त्या बाकावर बसून दोघी संध्याकाळी भाजी निवडत. पाणी घालणं, छाटणी, वाळवीचा बंदोबस्त, पालापाचोळ्याचं खत हे सगळं प्रेमलाबाई करत. पद्मजाबाई फुलं वेचत आणि आल्यागेल्याला "आमची बाग" दाखवत.

मागच्या वर्षी एक बिल्डर आला. त्याला बावीस, तेवीस आणि चोवीस असे तीन प्लॉट एकत्र हवे होते. बावीसचे मालक परदेशात होते, ते तयारच होते. संभाजीरावांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. प्रेमलाबाई एकट्याच होत्या, मुलगी निकिता खराडीला नोकरीच्या जवळ राहत होती. त्यांनी दारातूनच नाही म्हणून सांगितलं. संध्याकाळी पद्मजाबाई बाकावर येऊन बसल्या.

"तू नाही म्हणालीस ना?"

"म्हणाले."

"मग माझंही नाही. मला काय सातव्या मजल्यावर जाऊन ढग मोजायचेत?"

विषय संपला, असं प्रेमलाबाई धरून चालल्या.

ऑक्टोबरात, दिवाळीच्या आधी, पद्मजाबाई मोबाइल घेऊन आल्या. त्यांच्या बाहेरगावी राहणाऱ्या मुलानं, केदारनं, बाजूच्या जागेत बागा कशा करतात त्याचे फोटो पाठवले होते.

"हे बघ. किती छान."

प्रेमलाबाईंनी चष्मा लावला. "हे पांढरं काय आहे? गोटे?"

"पेबल्स म्हणतात त्याला."

"नदीत होते तोवर गोटेच होते. आणि आपल्याकडे बारा महिने पानगळ. या गोट्यांतून रोज पानं कोण वेचणार? तू?"

"ते राहू दे मग. हे बघ, भिंतीवर कुंड्या टांगल्यात."

"पाणी कोण घालणार?"

"तू ना, मेली, कुणाला काही करूच देऊ नकोस." पद्मजाबाई हसल्या. "मग तूच ठरव काय करायचं ते. पण काहीतरी करूया गं, तेच तेच बघून कंटाळा आला. आधी आत्ता आहे ते नीट कागदावर काढ. झाडं कुठे, वाट कुठे, खोडांचा घेर किती. आहे काय ते कळल्याशिवाय करायचं काय ते कसं कळणार?"

हे बोलणं प्रेमलाबाईंना पटलं. किंबहुना गेली छत्तीस वर्षं त्यांना हेच पटत आलं होतं.

"आणि हद्दीची रेघही दाखव हं," पद्मजाबाई जाता जाता म्हणाल्या. "केदारचा कोण माणूस आहे तो म्हणतो, प्लॅनमध्ये हद्द लागते."

मोजणीला आठ दिवस लागले. टेपचं दुसरं टोक धरायला शनिवारी निकिता आली. तिनं एका हातात टेप आणि दुसऱ्या हातात फोन धरला होता.

"आई, तीन फूट दोन इंच."

"दोन की सव्वादोन?"

"आई, गार्डन आहे गं. धरण नाहीये."

"धरणात इंच चुकला तर निस्तरायला चार इंजिनियर असतात. इथे मी एकटी आहे. नीट बघून सांग."

"सव्वादोन."

"बघ."

नकाशा त्यांनी जुन्या पद्धतीनं काढला. कपाटातून शिल्लक ट्रेसिंगचा कागद निघाला, शाईची पेनं कोमट पाण्यात भिजवून चालू केली. प्रत्येक झाडाला क्रमांक, घेर, उंची, अंदाजे वय आणि हद्दीपासूनचं अंतर. सोनचाफा हद्दीपासून चार फूट सात इंच, बकुळ तीन फूट सव्वादोन इंच. सर्वांत जवळचा पारिजातक, तोही दोन फूट एक इंच पलीकडे. खाली उजव्या कोपऱ्यात त्यांनी लिहिलं, 'मोजणी व आरेखन : प्रे. सं. गायकवाड', आणि सही केली.

"वर नाव घालायचं राहिलं," निकिता म्हणाली. "ही चौकट रिकामी आहे."

"ती तशीच ठेवायची असते."

हा त्यांच्या ऑफिसातला रिवाज होता. कामाचं नाव शेवटच्या क्षणापर्यंत बदलत असे. कधी कालव्याचं अस्तरीकरण म्हणायचं, कधी दुरुस्ती म्हणायची. त्यामुळे अनुरेखकानं शीर्षकाची चौकट आखून रिकामी सोडायची आणि साहेबांनी ती आपल्या हातानं भरायची. प्रेमलाबाईंनी आयुष्यात एकाही नकाशाला नाव दिलं नव्हतं. बिननावाच्या कागदावर सही करताना त्यांना कधी काही वाटलं नव्हतं, कारण खालचं सगळं खरं असायचं.

नकाशा द्यायला त्या गेल्या तेव्हा आगाशे स्वतः उठून बाहेर आले. ऑफिसात धरत तसा त्यांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला.

"गायकवाड बाई, हात अजून तसाच आहे हो."

"शीर्षक तेवढं तुम्ही घाला, साहेब."

"घालतो, घालतो."

प्रेमलाबाईंचे पुढचे दोन दिवस फार बरे गेले.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी साडेसहाला, त्या बादली घेऊन बागेत आल्या तेव्हा सोनचाफ्याच्या खोडावर एक कागद चिकटवलेला होता. प्लॉट क्रमांक २३ येथील पाच वृक्ष काढण्याबाबत अर्ज प्राप्त झाला असून कुणाची हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावे. खाली यादी होती. क्रमांक एक, सोनचाफा, घेर शंभर सेंटिमीटर, अंदाजे वय पस्तीस वर्षे. पाचही झाडं त्याच क्रमानं होती. घेर मात्र इंचांचे सेंटिमीटर करून लिहिले होते.

त्यांनी बादली खाली ठेवली नाही. पाचही झाडांना रोजच्यासारखं पाणी घातलं, मग आत जाऊन साडी बदलली आणि रिक्षानं महापालिकेच्या उद्यान विभागात गेल्या. कार्यालय उघडायला अजून पावणेदोन तास होते. त्या तिथल्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिल्या.

फाइल त्यांना दाखवण्यात आली. अर्जाला त्यांच्या नकाशाची प्रत जोडलेली होती. वरच्या चौकटीत, त्यांना पूर्ण ओळखीच्या असलेल्या तिरक्या अक्षरात, लिहिलं होतं, 'प्लॉट क्र. २३ मधील काढावयाच्या वृक्षांचा स्थळदर्शक नकाशा'. कारणाच्या रकान्यात पुनर्विकास आणि वाहनांसाठी रस्ता असं होतं. बावीस आणि तेवीस असे दोन प्लॉट मिळून सात मजल्यांची इमारत होणार होती. चोवीसशिवाय जमवून घेतलं होतं. करारावरची तारीख सहा सप्टेंबर होती. म्हणजे पद्मजाबाई गोट्यांचे फोटो घेऊन आल्या त्याच्या आधी महिनाभर सगळं ठरलेलं होतं.

प्रेमलाबाईंनी तारीख दोनदा वाचली. मग हरकतीचा अर्ज लिहून दिला आणि पोच घेतली. पाहणी गुरुवारी होईल, असं त्यांना सांगण्यात आलं.

दुपारी त्या आगाशेंकडे गेल्या. मधल्या बागेतून नेहमी जात तशा नाही, रस्त्यावरून, पुढच्या फाटकातून. बेल वाजवली. पद्मजाबाईंनी दार उघडलं आणि बेल कोणी वाजवली हे बघून त्यांचा चेहरा उतरला.

"अगं, बेल कसली वाजवतेस? ये ना."

"आत येत नाही. नोटीस वाचली."

"तुला सांगणारच होते मी."

"कधी?"

"संक्रांत झाली की. सणासुदीचं कशाला म्हटलं—"

"करार सहा सप्टेंबरचा आहे. मध्ये गणपती झाले, दसरा झाला, दिवाळी झाली. सण फार झाले खरे."

आतून आगाशेंचा आवाज आला, "कोण आहे?" मग तेच बाहेर आले आणि पत्नीच्या मागे उभे राहिले.

पद्मजाबाई बोलायला लागल्या. गुडघे दुखतात. यांचं बायपास झालंय, घर गळतंय, केदार म्हणतो लिफ्ट आणि वॉचमन असलेल्या जागेत राहा म्हणजे मला तिकडे झोप लागेल. तू तर ऐकूनच घेणार नव्हतीस. तुझ्यापाशी विषय काढायची मला भीती वाटत होती.

"विषय काढायची भीती वाटली. नकाशा काढून घ्यायची नाही वाटली?"

"बाई, यात बेकायदेशीर काही नाही," आगाशे म्हणाले.

"साहेब, मी कायद्याचं विचारलंच नाही."

मग पद्मजाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "प्रेमला, असं काय करतेस? झाडं आमच्याच बाजूला आहेत ना?"

त्यांना ते वाक्य बोलायचं नव्हतं, हे त्यांच्याकडे बघून कळत होतं. पण ते बोलून झालं होतं.

"हो," प्रेमलाबाई म्हणाल्या. "तुमच्याच बाजूला आहेत."

त्या दिवसापासून त्यांनी पद्मजाबाईंना 'तू' म्हटलं नाही.

निकिता रात्रीच्या जेवणाआधीच पोहोचली. ऑफिसातून निघताना एका वकील मैत्रिणीशी ती बोलून आली होती.

"आई, ऐक. एकदम सिंपल आहे. गुरुवारी ते लोक साइटवर येणार. तुला विचारणार, नकाशा तुमचा आहे का. तू म्हणायचं, हो, पण अंदाजानं काढलाय. बागेसाठी होता, हद्द पक्की नाही."

"हद्द पक्की आहे."

"आई."

"सोसायटीच्या मूळ दगडापासून मोजलीय मी."

"मला माहितीये. टेप मी धरली होती. पण तू अंदाजानं काढलाय म्हणालीस की झाडं कोणाच्या हद्दीत आहेत यावर वाद उभा राहतो. मग सरकारी मोजणी आली. त्यात सहा महिने कुठेच जात नाहीत. बिल्डर तोवर थांबणार नाही. बावीसवाले तर आत्ताच ओरडतायत. एक वाक्य आहे, आई. एकच."

प्रेमलाबाई भाकरी थापत होत्या.

"त्यांनी तुझ्याशी काय केलं?" निकिता म्हणाली. "आणि तू त्यांच्यासाठी खरं बोलणार?"

"त्यांच्यासाठी नाही."

"मग कोणासाठी?"

त्यांनी भाकरी उलटली. नंतर, ताट वाढताना, एवढंच म्हणाल्या, "बघते."

बुधवारी त्या बागेतून नुसत्या हिंडल्या. कुदळ घेऊन सोनचाफ्यापाशी गेल्या, मुळांचा पसारा पायानं चाचपला आणि परत आल्या. पस्तीस वर्षांचं झाड हलवता येत नाही हे त्यांना माहीत होतं. पारिजातकाची पाच-सात रोपं खाली आपोआप उगवली होती, ती त्यांनी पिशव्यांत भरली. संध्याकाळी त्यांनी ते वाक्य मोठ्यानं म्हणून पाहिलं. 'नकाशा अंदाजानं काढला आहे.' स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. वाक्य नीट उच्चारता येत होतं.

गुरुवारी अकराला वृक्ष निरीक्षक आले. सुदर्शन नावाचे, तिशीतले, बोलायला मऊ. आगाशे डोक्याला कानटोपी घालून उभे होते. पद्मजाबाई त्यांच्या मागे. निकिता रजा घेऊन आईच्या शेजारी उभी होती. निरीक्षकांनी पाचही झाडांवर हात ठेवून पाहिलं.

"चांगली ठेवलीत झाडं," ते म्हणाले. "कोणी लावली?"

"मी," प्रेमलाबाई म्हणाल्या.

निरीक्षकांनी फाइल उघडली आणि मग काहीशा अडचणीत पडल्यासारखे त्यांच्याकडे पाहिलं. "बाई, हरकत तुमची आहे आणि अर्जाला जोडलेला नकाशाही तुमचाच आहे. ही सही तुमची?"

"माझी."

"मग मला एवढंच सांगा. यातली मोजणी बरोबर आहे, की काही कमीजास्त असू शकतं? तुम्ही शंका घेतली तर मला मोजणी मागवावी लागेल. तोवर काही होणार नाही."

त्यांनी सरळ दारच उघडून दिलं होतं. निकितानं आईच्या कोपराला हात लावला. कांचनावर एक बुलबुल ओरडत होता. प्रेमलाबाईंनी फाइलीतला आपला नकाशा पाहिला. बकुळीपासून हद्दीपर्यंतची बारीक रेघ, तिच्या दोन्ही टोकांचे बाण, वरचा आकडा. तीन फूट सव्वादोन इंच.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "अर्ध्या इंचाचाही फरक निघणार नाही."

निकिता घरात निघून गेली.

"पण शीर्षक माझं नाही," प्रेमलाबाई पुढे म्हणाल्या. "मी बागेचा नकाशा काढला होता. झाडं काढायचा नाही. हे लिहून घ्या."

निरीक्षकांनी लिहून घेतलं. मग पेन बंद करून म्हणाले, "लिहिलंय. पण बाई, शीर्षकावर हरकत चालत नाही."

ते गेल्यावर आगाशे घरात गेले. पद्मजाबाई थांबल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी पुढे होऊन प्रेमलाबाईंचा हात धरला.

"मला माहीत होतं गं, तू खोटं बोलणार नाहीस. केदारचा आर्किटेक्ट म्हणत होता, आपण आपला माणूस आणून मोजून घेऊ. पण हेच म्हणाले, नको. दुसऱ्या कुणी मोजलं तर बाई हरकत घेतील, भांडतील, वर्ष जाईल. नकाशा बाईंकडूनच काढून घ्या. बाई स्वतःच्या रेघेच्या विरुद्ध जाणार नाहीत. बघ, किती विश्वास आहे त्यांचा तुझ्यावर."

त्या हे कौतुकानं सांगत होत्या.

प्रेमलाबाईंना तोवर वाटत होतं की आपला नकाशा दुसऱ्या कामाला वापरला गेला. हाताशी होता म्हणून घेतला गेला. चार वाजता, आठ वाजता, आणि दुसऱ्या दिवशीही, त्यांना पुन्हा पुन्हा हे एकच आठवत राहिलं. झाडं तोडायला बिल्डरची माणसं येणार होती, पण त्यांना थोपवू शकणारं एकच माणूस होतं, आणि ते माणूस काय करेल हे एका माणसानं एकोणीस वर्षं ऑफिसात बघून ठेवलं होतं. आगाशेंनी त्यावर भरवसा ठेवला होता, आणि तो बरोबर निघाला होता. तेव्हा प्रेमलाबाईंनी हात तेवढा सोडवून घेतला होता.

झाडं फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दोन दिवसांत पडली. बकुळीला सर्वांत जास्त वेळ लागला. मग प्रेमलाबाईंनी दाखवलेल्या हद्दीवर, बरोबर त्या रेघेवर, निळे पत्रे उभे राहिले. वळणाच्या वाटेचा वळसा पत्र्याच्या पलीकडे गेला. अलीकडे वाटेचे दोन तुकडे राहिले, एकमेकांशी न जुळणारे. आगाशे जवळच, मित्रमंडळ चौकामागे, भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. निकिता पंधरा दिवस आईशी मोजकंच बोलली, मग एका रविवारी आली आणि काही न विचारता पारिजातकाच्या रोपांना मोठ्या कुंड्या आणून दिल्या.

मार्चअखेरीस एका दुपारी पद्मजाबाई आल्या. उन्हातून चालत, रिक्षा न करता. हातात गुंडाळी होती.

"येऊ का?"

"या. बसा."

'बसा' ऐकून पद्मजाबाई क्षणभर उभ्याच राहिल्या. मग बसल्या. पाणी प्यायल्या. इकडचं तिकडचं विचारलं, त्याला नेमकी उत्तरं मिळाली. शेवटी त्यांनी गुंडाळी सोडली. नव्या इमारतीभोवतीच्या बागेचा रंगीत नकाशा होता. कॉम्प्युटरवर काढलेला, हिरवी वर्तुळं, गुलाबी ठिपके, मधे एक छत्री आणि तिच्याखाली दोन माणसं.

"तू मला माफ केलं नाहीस, ते दिसतंय मला," पद्मजाबाई म्हणाल्या. "नको करूस. पण हे एकदा बघशील? तिकडे कुणाला काही कळत नाही. कराराच्या वेळी मी हट्टच धरला होता की खाली मला माझा स्वतःचा वाफा हवा. फुलझाडांचा. नाहीतर सही करणार नाही म्हटलं. बघ, दिलाय त्यांनी. बारा फूट बाय पाच. मोगरा, गुलाब, शेवंती. सकाळी उठून खाली जाईन, दोन फुलं आणीन. एवढंच राहिलंय गं आता. सोमवारी ते फायनल करणार, मग लगेच बांधकामाला घेतायत."

प्रेमलाबाईंनी चष्मा लावला. सवयीनं त्यांनी कागद आधी फिरवून रस्त्याशी जुळवला.

उत्तरेचा बाण उलटा होता. ज्यानं कुणी नकाशा काढला होता त्यानं दक्षिणेला उत्तर धरलं होतं आणि त्या हिशेबानं सगळी झाडं वाटली होती. वाफा कागदावर उन्हात होता. जागेवर तो इमारतीच्या उत्तरेला, सात मजल्यांच्या पायथ्याशी येणार होता. मे-जूनचे दिवस सोडले तर तिथं वर्षभर ऊन पोहोचणार नव्हतं. मोगरा पानांवर येईल आणि फुलणार नाही. गुलाबाला पहिल्याच वर्षी भुरीचा रोग लागेल. शेवंती काड्या होऊन उभी राहील. वाफा बारा फूट पश्चिमेला, कोपऱ्याच्या बाहेर सरकवला तर दुपारचं ऊन मिळालं असतं. पेन्सिलीची एक खूण पुरली असती. पेन्सिल टेबलावरच होती.

त्यांनी कागद पुरता, कडेपासून कडेपर्यंत, वाचला. परिमाण पाहिलं, झाडांची यादी पाहिली, खालच्या कोपऱ्यातलं नाव पाहिलं. तपासायला जेवढा वेळ लागतो तेवढा घेतला. समोर पद्मजाबाई पदरानं मान पुसत त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या.

"छान आहे," प्रेमलाबाई म्हणाल्या आणि कागद गुंडाळून परत दिला.

"खरंच? काही दुरुस्ती नाही?"

"नाही."

"एकही नाही? तू आणि एकही दुरुस्ती नाही?" पद्मजाबाईंना हसू आलं. फार दिवसांनी आलेलं, सुटल्यासारखं हसू. "बघ हं. तू बरोबर म्हणालीस की मी पुन्हा कुणाला विचारणार नाही."

"कशाला विचारायचं?" प्रेमलाबाई म्हणाल्या. "माझ्यावर विश्वास आहे ना तुमचा."